प्रस्तावना: सड्यावर बोअर मारण्यापूर्वी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आंबोलीत तर ७,००० च्या घरात. शासनाच्या भूजल मूल्यांकनात इथले तालुके ‘सुरक्षित’ गणले जातात, कारण जमिनीत मुरणाऱ्या पाण्याच्या मानाने उपसा थोडा आहे. तरीही एप्रिल लागला की मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, वाड्यांच्या बावी (विहिरी) तळाला जातात. मग बोअरची गाडी गावात येते. कॉम्प्रेसर सुरू होतो, शंभर फूट, दोनशे फूट, तीनशे फूट अशा दांड्या उतरत जातात, भोकातून कोरडी पूड उडत राहते, आणि पहाटे कधीतरी मालक खाली बसतो. बोअर कोरडी गेली. पुढच्या वर्षी त्याच वाडीत, कधी त्याच आवारात, दुसरी बोअर मारली जाते, तीही तितक्याच अंदाजाने.

ती गाडी येण्याआधी काय करता येते, हा या पुस्तकाचा विषय आहे. जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा अदमास घेण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि महाराष्ट्रातल्या पाण्याच्या कामांतही ती आता जुनी झाली. पण ज्याच्या जमिनीत ती वापरली जाते, त्या माणसाला तिच्याविषयी कोणी नीट समजावून सांगत नाही. तारा पसरल्या जातात, यंत्राचा काटा हलतो, कागदावर ‘१८० फूट’ असा एक आकडा लिहून मिळतो, आणि तिथेच त्या माणसाचा आणि त्या शास्त्राचा संबंध संपतो. बोअर लागली तर यंत्र चांगले, कोरडी गेली तर यंत्र खोटे. या दोन्ही निष्कर्षांत यंत्रावर अन्याय आहे आणि माणसाचे नुकसान आहे.

माझे म्हणणे आरंभीच मांडतो. हे यंत्र पाणी शोधत नाही. दगड विजेला किती विरोध करतो एवढेच ते मोजते. त्या मोजमापावरून पाण्यापर्यंत जायचे असेल तर मधली सगळी वाट माणसाला चालावी लागते, आणि त्यासाठी गावचा दगड, गावच्या बावी आणि गावच्या फसलेल्या बोअर ठाऊक असाव्या लागतात. मालवणच्या किनाऱ्यावर तर या सर्वेक्षणाचा मोठा उपयोग ‘इथे बोअर मारू नका’ आणि ‘याच्या खाली जाऊ नका’ हे वेळेवर कळण्यात आहे.

आधी दगडाविषयी. नदीच्या गाळात किंवा किनाऱ्याच्या वाळूत कणाकणांमध्ये जागा असते आणि पाणी त्या सगळ्या जागेत भरून राहते. कठीण खडकाच्या अंगात अशी जागा नसते. तिथे पाणी दोनच ठिकाणी सापडते: वरच्या झिजलेल्या, कुजक्या थरात, आणि त्याखालच्या घट्ट दगडातल्या फटी-सांध्यांत. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या काळ्या दगडाने झाकलेला आहे, त्यामुळे आपल्याकडच्या भूजलाच्या अभ्यासाचा मोठा भाग त्या दगडावरच बेतलेला आहे. सिंधुदुर्ग मात्र या नियमात पुरता बसत नाही. वैभववाडी, देवगड, कणकवलीकडे काळा दगड आहे. दक्षिणेला येऊ लागले की तो संपतो आणि त्याच्या खालचे फार जुने दगड उघडे पडतात. अडीचशे कोटी वर्षांहून जुना पट्टेदार नाइस, शिस्ट, क्वार्टझाइट, कलादगी मालिकेचा वालुकाश्म. रेडीचे लोहखनिज, कणकवलीजवळच्या जानवली-वागदेचे क्रोमाइट हे सगळे याच जुन्या जगातले. आणि या साऱ्यावर, विशेषतः किनाऱ्यालगतच्या पठारांवर, जांभ्याचे जाड पांघरूण.

जांभा हा पाण्याच्या दृष्टीने विलक्षण दगड आहे. फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टरने केरळातल्या अंगाडीपुरम इथे पाहिलेल्या या दगडाचे वर्णन १८०७ मध्ये ‘लॅटेराइट’ या नावाने प्रसिद्ध केले आणि जगभरच्या भूशास्त्रात ते नाव रूढ झाले. आपल्याकडे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चिरे काढून घरे, गडगे आणि बावी बांधल्या जात होत्या. जांभा वरून कठीण, आत सच्छिद्र. जून-जुलैचे पाणी तो भराभरा आत घेतो. पण त्याच्या खाली बहुतेक ठिकाणी पांढरट, गुलाबी, पिवळसर अशी मऊ चिकणमाती असते, मूळ दगड जागच्या जागी कुजून झालेली. ती पाणी धरून ठेवते, पण पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे जांभ्यातून उतरलेले पाणी या मातीवर अडते आणि कौलावरून पागोळीकडे जावे तसे आडवे सरकत सड्याच्या कडेला, झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. गड नदी असो की कर्ली, पाण्याला थांबायला वेळच नसतो. दिवाळीपर्यंत खळखळणारे व्हाळ (ओढे) शिमग्याला कोरडे पडतात याचे कारण पावसाची तूट नव्हे. हे पाणी साठवणारे भांडेच उथळ आहे आणि कडेने गळते आहे.

जुन्या गावांची रचना पाहिली तर हे सगळे पूर्वजांना ठाऊक होते असे दिसते. वाडी सड्याच्या पायथ्याशी, देऊळ आणि तळे झऱ्याच्या तोंडाशी, भातमळा त्याच्या खाली, आणि वर सड्यावर गुरे. धामापूरचा तलाव पाहा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये तो बांधला, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतले. डोंगरांच्या कुशीत पाणी जिथे आपणहून येते तिथे बांध घालायचा, एवढी ती साधी आणि थोर समज आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मात्र आपण सड्यावर चढलो. रस्ते सड्यावरून गेले, कलमांच्या बागा कातळ फोडून सड्यावर लागल्या, घरे, हॉटेले, चिपीचा विमानतळ, सगळे वर. माणूस वर गेला, पाणी खालीच राहिले. सर्वेक्षणाची गरज आज जी इतकी तीव्र वाटते तिचे मूळ या स्थलांतरात आहे.

पाणी शोधायचे म्हटले की आपल्याकडे पहिले नाव निघते पाणाड्याचे. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहतो, दुबेळक्याची काठी खाली वळते, आणि तिथे खूण केली जाते. अशा माणसांविषयी तुच्छतेने बोलणे मला पटत नाही. त्यांतल्या कित्येकांना झाडे, वारुळे, उतार, दगडाचा रंग यांची उत्तम पारख असते, आणि ही पारख जुनी आहे: सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत झाडे आणि वारुळे यांच्यावरून भूजल ओळखण्याला एक संपूर्ण अध्याय दिला. पण नारळ आणि काठी यांची पारख वेगळी करून तपासली तर काय उरते, हेही पाहिले गेले आहे. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये एका कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ सरकवत ठेवून वरच्या मजल्यावरून तो ओळखण्याची परीक्षा झाली. सुमारे ५०० पाणाड्यांतून ४३ जण निवडले गेले, ८४३ वेळा चाचणी झाली. प्रयोग करणाऱ्यांना त्यांतल्या काही जणांत खास शक्ती दिसली. पुढे त्याच आकड्यांची फेरतपासणी करणारे जिम एनराइट यांना ते निकाल नशिबावर सोडलेल्या अंदाजाहून वेगळे दिसले नाहीत. एनराइट यांचे म्हणणे मला सबळ वाटते. व्हाळाकाठच्या मळ्यात पाणाड्याचे बोट जिथे जाईल तिथे वीस-पंचवीस फुटांवर पाणी लागते, कारण तिथे सगळीकडेच पाणी आहे. खरी परीक्षा सड्यावर होते, आणि तिथेच कोरड्या बोअरची रांग लागते.

आता यंत्राकडे येऊ. कोरडा, घट्ट दगड वीज जवळजवळ जाऊ देत नाही. दगडात जी काही वीज वाहते ती मुख्यतः त्याच्या फटींतल्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे, किंवा चिकणमातीच्या कणांमुळे. फ्रान्समध्ये कॉन्राड श्लम्बर्जर यांनी १९१२ मध्ये नॉर्मंडीत याचा पहिला प्रयोग केला. अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी १९१५ च्या सुमारास मोजणीची दुसरी मांडणी सुचवली. आजही शेतात तारा पसरणारा माणूस याच दोघांची नावे घेतो. रीत साधी आहे. एका रेषेत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन खुंट्यांमध्ये दाबाचा किती फरक पडतो ते मोजायचे. त्यावरून रोधकता निघते, ओहम-मीटर या मापात. बाहेरच्या खुंट्या जसजशा लांब न्याव्या तसतसा प्रवाह खोल उतरतो आणि मिळणारा आकडा खालच्या थरांविषयी बोलू लागतो. शंभर मीटर खोलीची कल्पना हवी असेल तर दोन्ही टोकांमध्ये तीन-चारशे मीटर अंतर लागते.

आकडे ढोबळ आहेत, पण मनात ठेवण्याजोगे आहेत. समुद्राच्या पाण्याची रोधकता सुमारे ०.२ ओहम-मीटर. बावीच्या गोड्या पाण्याची दहापासून शंभरपर्यंत. ओली चिकणमाती पाच ते वीस. पाणी भरलेला कुजका खडक वीसपासून शंभरच्या आसपास. कोरडा जांभा काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत. न झिजलेला, बिनफटींचा नाइस हजारांच्या पुढे.

आणि याच ठिकाणी मालवणचा खरा प्रश्न उभा राहतो. सड्यावर मोजणी केली की आलेख बहुधा असा येतो: आधी उंच, मग खाली घसरलेला, मग पुन्हा वर चढणारा. वरचा उंच भाग जांभ्याचा, शेवटची चढण घट्ट दगडाची, आणि मधली घसरण म्हणजे पाणी. बहुतेक ठिकाणी हाच अर्थ लावला जातो. पण मधली घसरण चिकणमातीचीही असू शकते, आणि सड्यावर ती बऱ्याचदा तिचीच असते. चिकणमाती पाणी धरून असते म्हणून वीज नेते; बोअर तिच्यातून गेली तर भांडेभर पाणीही देत नाही, उलट केसिंग (भोकात बसवलेला पाइप) कमी पडले तर भोक बुजवून टाकते. किनाऱ्याजवळ तीच घसरण खाऱ्या पाण्याचीही असते. तिन्हींचा आलेख सारखा. यंत्राला गोडे पाणी, माती आणि खारे पाणी यांतला भेद कळत नाही, आणि तो कळतो असे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आणखी एक अडचण आहे. समजा जमिनीखाली ५ मीटर जाडीचा थर आहे आणि त्याची रोधकता १० आहे. दुसरीकडे १० मीटर जाडीचा थर आहे, रोधकता २०. पहिला बहुधा चिकणमातीचा, दुसरा कदाचित चांगल्या पाण्याचा. पण जाडी भागिले रोधकता दोन्हीकडे सारखीच, अर्धा, आणि वरून घेतलेल्या मोजणीत या दोन जमिनी एकमेकींपासून ओळखता येत नाहीत. संगणकाला आलेख दिला तर तो यांतले कुठलेही उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने छापून देतो. म्हणून एकाच मोजणीवरून खोली फुटांत सांगणे हे धाडस आहे.

यातून वाट नाही का? आहे. जवळच्या बावीचे पाणी घ्यायचे आणि त्याची विद्युत वाहकता मोजायची; त्याचे छोटे मीटर स्वस्त असते. वाहकता ५०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर आली तर त्या पाण्याची रोधकता २० ओहम-मीटर. आता विचार करा: पाण्याचीच रोधकता २० असेल तर त्या पाण्याने भरलेल्या, मातीचा अंश नसलेल्या दगडाची रोधकता त्याहून जास्तच असायला हवी, कारण दगड स्वतः वीज नेत नाही. आलेखात ८ किंवा १० आकडा आला तर तो थर गोड्या पाण्याचा नव्हे, मातीचा किंवा खारा आहे. एवढी एक साधी तपासणी केली तर किती बोअर वाचतील! दुसरी वाट त्याहून खात्रीची: ज्या बोअरला पाणी लागले तिच्याशेजारी एक मोजणी घ्यायची आणि जी कोरडी गेली तिच्याशेजारीही एक. त्या दोन आलेखांतला फरक हाच त्या गावाचा शब्दकोश. तो हाती आल्याशिवाय नव्या जागेचा आलेख वाचणे म्हणजे अंदाजच.

प्रत्यक्ष काम कसे चालते हेही वाचकाला कळावे. कोकणात तीनशे मीटरची सरळ, सपाट रेष मिळणे हीच पहिली कसोटी. मध्ये गडगे येतात, काजूच्या बागा येतात, शेजाऱ्याची हद्द येते. रेष शक्यतो उताराला आडवी धरावी, वर-खाली नव्हे. तारेच्या कुंपणाजवळ, नळाच्या लोखंडी पाइपाजवळ, विजेच्या खांबांच्या अर्थिंगजवळ मोजणी बिघडते. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण झाल्यापासून रुळांलगतही जपावे लागते. उघड्या कातळावर खुंटी ठोकलीच जात नाही. मग पहारीने भोक पाडायचे, ओली माती भरायची, मिठाचे पाणी ओतायचे, आणि तरीही प्रवाह पुरेसा जात नसेल तर ते मोजमाप फेकून द्यायचे. हे शेवटचे सर्वांत कठीण, कारण भोवती माणसे उभी असतात. ‘साहेबानू, हंयसर पाणी गावतला काय? किती फुटार?’ हा प्रश्न पहिली खुंटी ठोकायच्या आधीच येतो. त्यांचा धीर सुटलेला असतो आणि तो का सुटला आहे हे समजून घेतले पाहिजे. पण त्या घाईत दिलेले उत्तर त्यांच्याच पैशांवर उठते.

बाकीच्या पद्धती या पुस्तकात पुढे सविस्तर आहेत, इथे थोडक्यात. पाच-दहा मीटरवर एक अशा पुष्कळ खुंट्या एकदम लावून जमिनीचा उभा छेद काढणारी प्रतिमा-पद्धत आज सर्वांत उपयोगी. सड्याच्या कडेला माती कुठे संपते आणि फट कुठे सुरू होते हे एकट्या आलेखापेक्षा तिच्यात कितीतरी स्पष्ट दिसते. पाणबुड्यांशी संपर्कासाठी नौदल अतिमंद कंपनांच्या लहरी सोडते. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेली जिल्ह्यात आयएनएस कट्टबोम्मन हे तसे केंद्र आहे, आणि त्याच लहरी हातातल्या उपकरणावर पकडून दगडातल्या लांब फटी शोधता येतात. चुंबकीय मोजणी काळ्या दगडाच्या भिंतींचा, म्हणजे डाइकांचा, माग काढायला घाटावर चांगली. इथे जांभ्यातले लोह आणि रेडी-मालवण भागातले लोहयुक्त दगड तिच्यात फार गोंधळ घालतात. हेलिकॉप्टरला कडे टांगून वरून मोजणी करण्याचा प्रयोग हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने देशात सहा ठिकाणी केला, त्यांत नागपूर जिल्हा होता.

समुद्राविषयी मात्र इथेच थांबून बोलले पाहिजे. किनाऱ्यावर गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते, कारण ते हलके असते. नेदरलँड्समधल्या बाडोन घायबेन यांनी १८८९ मध्ये आणि जर्मनीतल्या हर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये याचे गणित मांडले: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जितकी, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत खाली गोडे पाणी. म्हणजे पातळी एक मीटर उतरली की खालून खारे पाणी चाळीस मीटर वर येऊ पाहते. हे गणित वाळूसाठी नेमके लागू पडते. फटींच्या दगडात खारे पाणी एखाद्या फटीतून अचानक आत शिरते, ते अधिक फसवे. सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सुरू झाले. चहूबाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. आजही पाहणाऱ्याला आश्चर्य वाटते. पण बेटावर पडणारा पाऊसच बेटात मुरतो आणि खाऱ्यावर तरंगतो. विहिरी उथळ राहिल्या, उपसा पोहऱ्याने झाला, म्हणून ते गोडे पाणी टिकले. त्याच बेटावर दोनशे फुटांची बोअर मारून मोटर लावली तर काय होईल हे सांगायला यंत्र नको.

देवबाग, तारकर्ली, तळाशील या नदी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यांना हेच लागू आहे. तिथल्या घरोघरच्या उथळ बावी हेच तिथले बरोबर तंत्र होते. पर्यटन वाढले, खोल्या वाढल्या, प्रत्येक आवारात पंप आला. अशा जागी रोधकतेची मोजणी फार चांगले काम करते, कारण गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या आकड्यांत कितीतरी पटींचा फरक असतो आणि वाळूत मातीचा घोळ कमी असतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा त्याच रेषेवर मोजणी केली तर खारे पाणी पुढे सरकते आहे की मागे हटते आहे ते दिसेल. हे काम एका घराचे नव्हे, गावाचे आहे.

या सगळ्यातून एक निष्कर्ष निघतो, आणि तो बोअरवाल्यांना आवडणार नाही. सिंधुदुर्गात पुष्कळ ठिकाणी योग्य उत्तर बोअर हे नाहीच; ते पायथ्याशी, कुजक्या थरात खणलेली रुंद विहीर हे आहे. बोअरला केसिंग घालावे लागते आणि केसिंग नेमके त्याच वरच्या थराला बंद करते ज्यात पाणी आहे. खाली घट्ट नाइसमध्ये फट मिळाली तर मिळाली. सर्वेक्षणाने कुजक्या थराची जाडी कळली की विहीर की बोअर हा निर्णय खणण्याआधी घेता येतो, आणि सर्वेक्षणाचा खर्च एका कोरड्या बोअरच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७१ पासून काम करते आहे. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव विंधण विहिरी आणि हातपंप आले तेव्हापासून जागा ठरवण्याचा मोठा अनुभव तिच्याकडे जमा आहे. ग्रामपंचायतीने सार्वजनिक विहिरीसाठी तिच्या जिल्हा कार्यालयाकडेच जावे. कायदेही आहेत: पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्याने बंधन आले, आणि २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला. खासगी सर्वेक्षण करून घेणाऱ्याने मात्र स्वतः जागे राहावे. ‘तीनशे फुटांवर दोन इंच पाणी’ असे जो सांगतो त्याला विचारावे की इंच कुठून मोजले. कुठलीही भूभौतिक पद्धत पाण्याचे माप सांगू शकत नाही, ते बोअर झाल्यावर पंप लावूनच कळते. काम झाल्यावर नुसता आकडा घेऊ नये. मोजणीचा तक्ता, आलेख, रेषेची जागा आणि दिशा, काढलेले थर आणि त्यांवरची शंका, हे सगळे कागदावर मागून घ्यावे. पैसे दिले आहेत, तो कागद तुमचा आहे.

हे पुस्तक वाचून कोणी भूभौतिकतज्ज्ञ होणार नाही, तशी अपेक्षाही नाही. आलेख समोर आला तर त्याला प्रश्न विचारता यावेत एवढे झाले तरी पुरे. वाचकांकडे, विशेषतः सरपंच, ग्रामसेवक आणि माध्यमिक शाळांच्या शिक्षकांकडे, माझे एकच मागणे आहे. आपल्या गावातल्या प्रत्येक बोअरची नोंद करणारी एक वही ग्रामपंचायतीत ठेवा: जागा, महिना आणि वर्ष, एकूण खोली, केसिंग किती, किती फुटांवर दगड बदलला आणि पुडीचा रंग काय होता, पाणी कुठे लागले, गोडे की मचूळ, आणि मे महिन्यात तिची अवस्था काय असते. जिला पाणी लागले तिची नोंद लोक आपणहून सांगतात. कोरडी गेलेली बोअर मात्र दगड टाकून बुजवली जाते आणि दोन वर्षांत विसरली जाते. त्या नोंदी आधी मिळवा, जुन्या माणसांना विचारून मिळवा. पुढच्या वेळी तारा पसरायला जो कोणी येईल, त्याच्या हातात यंत्राआधी ती वही द्या.